दारू पिणारा भाऊ म्हणतो, "देवाचीच मर्जी" : देवाचं सार्वभौमत्व आणि माणसाची इच्छा

ताई, जय ख्रिस्त.

तुमच्या पत्रातली गोष्ट आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचा धाकटा भाऊ. बाप्तिस्मा झालेला, पूर्वी उपासनेत तबल्यावर बसणारा. आता काही वर्षांपासून दारूत बुडालेला. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण गावाबाहेर नाल्याच्या काठी मोहाची मिळतेच. समजवायला गेलं की तो म्हणतो, "देवाच्या मर्जीबिगर पानबी हालत नाही म्हनता ना तुम्ही? मंग मी पेतो तेबी त्याचीच मर्जी. त्याले सोडवाची असन तवा सोडवन." आणि आई रात्री उशाला तोंड लावून तुम्हाला विचारते, "माह्या पोराचं नावच नसन का वं त्याच्या वहीत?" तुम्ही स्वतः लिहिता की सगळं आधीच ठरलेलं असेल तर आम्ही प्रार्थना तरी कशाला करतो.

भावाचं वाक्य ही सबब आहे आणि आईचं वाक्य ही भीती आहे. शिकवण एकच असली तरी दोघांना एकच उत्तर देता येत नाही. पवित्र शास्त्रही तसं देत नाही. वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांतल्या मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून माझं आयुष्य गेलं. या विषयावर माणसं जिथे जिथे घसरलेली मी पाहिली, तिथे प्रत्येक वेळी एकच गोष्ट झालेली होती. एकासाठी सांगितलेली गोष्ट दुसऱ्यानं उचलली होती.

तुमच्या भावाचं पानाचं वाक्यच घ्या. ते शास्त्रात नाही. आपल्या बोलण्यात ते आहे आणि उपासनेतही सर्रास म्हटलं जातं. शास्त्रात त्याच्या जवळपासचं जे आहे ते मत्तयाच्या १०व्या अध्यायात. एका दमडीला दोन चिमण्या विकतात, तरी त्यातली एकही तुमच्या पित्याशिवाय जमिनीवर पडत नाही, असं येशू म्हणतो. पण कुणाला म्हणतो? ज्यांना तो लांडग्यांमध्ये मेंढरांसारखं पाठवतोय, ज्यांना लोक सभास्थानांत फटके मारणार आहेत, त्या शिष्यांना. आणि त्यापुढे लगेच आहे, भिऊ नका. मार खायला निघालेल्या माणसाचं काळीज घट्ट करण्यासाठी दिलेला हा शब्द आहे. भट्टीवर निघालेल्याच्या पायाला बळ देण्यासाठी तो दिलेला नाही.

याहून मोठं उदाहरण योसेफाचं. भावांनी त्याला खड्ड्यात टाकलं, वीस रुप्यांना विकलं, बकरा कापून त्याच्या रक्तात झगा बुडवला आणि तो म्हाताऱ्या बापासमोर, याकोबासमोर, धरला. पुढे मिसरात सत्तेवर बसलेला योसेफ त्याच भावांना म्हणतो की तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवानं ते चांगल्यासाठी योजलं. सार्वभौमत्वावर बोलणारा प्रत्येक उपदेशक उत्पत्ती ५०:२० हे वचन घेतो, आणि घ्यावंच. एकाच घटनेत दोन योजना आहेत. भावांची योजना खरीच वाईट होती आणि देवाची खरीच चांगली. देवानं त्यांच्या पापाला पाप म्हणणं सोडलं नाही आणि त्या पापाला शेवटचा शब्दही होऊ दिला नाही.

पण हे वाक्य कोण बोलतोय ते बघा. ज्याच्यावर अन्याय झाला तो बोलतोय. झगा घेऊन घरी आले त्या दिवशी भाऊच याकोबाला म्हणाले असते की बाबा, रडू नका, देवाचीच योजना आहे, तर? शब्द तेच राहिले असते, पण त्यांच्या तोंडी ते निव्वळ नीचपणाचे झाले असते. आणि तसं ते म्हणालेही नाहीत. उत्पत्ती ४२:२१ काढून भावाला वाचून दाखवा. योसेफ अजून ओळखीला आलेला नाही, कुणी त्यांना क्षमा केलेली नाही, तेव्हा ते आपसात म्हणतात की आपण आपल्या भावाविषयी खरोखर अपराधी आहोत, तो काकुळतीला आला होता आणि आपण ऐकलं नाही. भावांच्या तोंडी शोभणारं वाक्य ते आहे.

तुमचा भाऊ उद्या सुटला आणि पुढे एखाद्या पोराला हात देऊन बाहेर काढू लागला, तर तेव्हा त्यानं खुशाल म्हणावं की माझी ती वर्षंही देवानं वाया जाऊ दिली नाहीत. मी स्वतः पहिल्या बाकावर बसून आमेन म्हणेन. आज ते वाक्य त्याचं नाही.

त्याला आणखी एक जागा दाखवा, प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र यरुशलेमेतल्या लोकांना येशूविषयी एकाच दमात दोन गोष्टी सांगतो. देवाच्या ठरलेल्या संकल्पानुसार तो धरून दिला गेला, आणि तुम्ही अधर्म्यांच्या हातून त्याला खिळून मारलंत. जगात देवानं काही नेमलं असेल तर वधस्तंभ नेमला होता. तरी ऐकणाऱ्यांतला एकही म्हणत नाही की मग आमचा काय दोष. त्यांच्या अंतःकरणाला टोचणी लागते आणि ते विचारतात, आम्ही काय करावं? पेत्रही म्हणत नाही की थांबा, देवाला वाटेल तेव्हा तो तुम्हाला बदलेल. तो म्हणतो, पश्चात्ताप करा. नव्या करारातल्या याकोबाच्या (हा वेगळा याकोब) पत्रात तर सरळच आहे (१:१३-१४) की मोहात पडलेल्यानं देवानं मला मोहात घातलं असं म्हणू नये, प्रत्येक जण आपल्याच वासनेनं ओढला जातो.

तुमचा भाऊ हुशार आहे, तो कदाचित रोमकरांस पत्राचा ९वा अध्याय पुढे करील. तिथे १९व्या वचनात अगदी त्याचाच प्रश्न आहे. मग देव दोष का लावतो, त्याच्या इच्छेला कोण आडवा आला? म्हणजे हे पत्र लिहिणाऱ्या पौलाला हा प्रश्न नवा नव्हता. तिथेच मिसरचा राजा फारो याचंही नाव येतं, इस्राएल लोकांना सोडायला तयार नसलेला, देवानं ज्याचं मन कठीण केलं तो. पण निर्गम सावकाश वाचा. देवानं आधी सांगून ठेवलं होतं हे खरं. तरी देवानं मिसरवर पाठवलेल्या पीडा सुरू झाल्यावर बेडूक गेले, जरा उसंत मिळाली, की फारो आपणच मन कठीण करतो. गोमाशांच्या पीडेनंतर पुन्हा तेच. परमेश्वरानं त्याचं मन कठीण केलं असे शब्द प्रत्यक्ष घडताना पहिल्यांदा येतात ते ९:१२ला, सहाव्या पीडेत. ज्याला कठीण व्हायचंच होतं त्याला देवानं शेवटी त्याच्याच हट्टाच्या स्वाधीन केलं, असं मी वाचतो. सगळे भाष्यकार इतकंच म्हणून थांबत नाहीत, काही जण ४:२१वरून देवाचं ठरवणंच आधी ठेवतात. पण दारूवर बसून देवाची वाट पाहणाऱ्याला धडकी भरावी इतकं दोन्ही वाचनांत आहे.

आता त्याच्या बाजूनंही बोलतो, कारण त्याच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. त्याला सुटता येत नाहीये. "मनात आणलं तर उद्या सोडीन" असं म्हणणारा माणूस सकाळी पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, आणि दिवे लागायच्या वेळेला त्याचे पाय आपसूक नाल्याकडे वळतात. कुणी त्याला ओढत नेत नाही. तो स्वतःच्या इच्छेनं जातो, आणि ती इच्छाच धरली गेलेली आहे. ख्रिस्ती विचारात इच्छास्वातंत्र्याचा खरा वाद इथे आहे. माणूस निवड करतो की नाही हा वाद फारसा कुणी घातला नाही. निवड करणारं मनच आजारी असेल तर काय, हा वाद आहे.

उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) यानं हे स्वतःच्या आयुष्यावरून लिहिलं. तरुणपणी तो प्रार्थना करायचा की मला शुद्धता दे, पण इतक्यात नको. पुढे पेलागियस नावाचा एक संन्यासी शिकवू लागला की देवानं आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याचं बळ माणसात आहेच, मनावर घेतलं की झालं. ऑगस्टीन म्हणाला, ते मनावर घेणंसुद्धा कृपेशिवाय होत नाही. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनं पेलागियसचं मत नाकारलं. ५२९ साली ऑरेंजच्या परिषदेनं कृपा आधी येते हे कायम केलं, आणि त्याच बैठकीत, देव कुणाला पापासाठी नेमतो असं म्हणणाऱ्यांचा धिक्कारही केला. म्हणजे "मनावर घे की" एवढंच सांगणारे नातेवाईक आणि "देवानंच नेमलं" म्हणणारा तुमचा भाऊ, दोघांचीही मतं मंडळीनं दीड हजार वर्षांपूर्वीच बाजूला ठेवली आहेत.

आमच्या मंडळीत एक गृहस्थ आहेत. उभं आयुष्य सालगडी म्हणून राबले, आणि तितकंच प्यायले. सुटले त्याला आता बरीच वर्षं झाली. रविवारी साक्ष द्यायला उभे राहिले की म्हणतात, "देवानं सोडवली. माह्यात काई दम नव्हता." आणि त्याच माणसाला मी ओट्यावर एका पोराला सांगताना ऐकलंय, "नाल्याकडच्या पांधनीनं जाऊच नको. लांब पडलं तरी ग्रामपंचायतीवरून ये. हप्त्याची मजुरी बायकोच्या हातात पडू दे. आन् दिवा लागायच्या टाइमाले घरात बसू नको, माह्याकडे ये, चहा पिऊ." ते स्वतः आजही शेतातून लांबच्या वाटेनं येतात. साक्ष देताना ते स्वतःचं नाव घेत नाहीत, आणि पोराला सांगताना फक्त देव पाहील म्हणून सोडून देत नाहीत. फिलिप्पैकरांस पत्र २:१२-१३चा याहून चांगला खुलासा मला माहीत नाही. भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. त्यात "कारण" आहे, "तरीही" नाही. देव आत काम करतोय म्हणूनच माणसाच्या हातापायांना काम आहे.

आपल्या भागात या प्रश्नावर दोन परंपरा आल्या. नागपुरात १८४५ साली स्टीफन हिस्लॉप आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याच्या वाटेवरचे. यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट मिशन आलं ते मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या वेस्लीच्या वाटेवरचं. कॅल्विनची बाजू म्हणते की देवानं ज्यांना निवडलं त्यांना त्याची कृपा नक्की ओढून आणते. हॉलंडमधला धर्मपंडित आर्मिनियस आणि त्याच्यामागून वेस्ली म्हणतात की कृपाच आधी येते, ती सर्वांसाठी आहे, पण माणूस ती झिडकारू शकतो. हॉलंडमध्ये डॉर्टच्या सभेत (१६१८-१९) हा वाद इतका पेटला की आर्मिनियसच्या बाजूच्या पाळकांना पदं गमवावी लागली. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन परंपरेचे, बॅप्टिस्ट, ब्रिटिश मेथडिस्ट असे दोन्हीकडचे लोक एका मंडळीत आले. प्रश्न मिटला म्हणून आले नाहीत. एका मेजावरून प्रभुभोजन घेण्यासाठी तो मिटण्याची गरज नाही, हे मान्य करून आले.

माझा कल वेस्लीकडे आहे, हे लपवत नाही. यरुशलेमेकडे बघून येशू म्हणतो की कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं तुम्हाला घ्यायची माझी कितीदा इच्छा होती, पण तुमची इच्छा नव्हती (मत्तय २३:३७). तो कळवळा मला दिखाऊ मानता येत नाही. पण तुमच्या भावाला कॅल्विनकडूनही पाठिंबा मिळणार नाही. स्कॉटिश मंडळीनं मानलेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासनामा, १६४६चा, त्याच्या तिसऱ्या अध्यायात आधी म्हटलंय की जे जे घडतं ते देवानं नेमलेलं आहे, आणि त्याच वाक्यात पुढे की तरी देव पापाचा कर्ता ठरत नाही आणि माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही.

आता आई.

ताई, आपल्या गावांत पाचव्या-सहाव्या रात्री सटवी येऊन लेकराच्या कपाळावर लिहून जाते असं मानतात, आणि सटवीचा लेख टळत नाही म्हणतात. ख्रिस्ती घरांतून ती पूजा गेली, पण तो लेख पुष्कळांच्या मनात तसाच राहिला, फक्त त्याला "देवाची निवड" हे नाव मिळालं. आईंची वही ही सटवीची वही आहे. लेखाला कान नसतात, त्याच्यापुढे रडून उपयोग नसतो. शास्त्रातली निवड तशी नाही. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात "ख्रिस्ताच्या ठायी" निवडलं असं आहे, आणि तेही विश्वास ठेवलेल्यांना, स्तुतीत सांगितलंय. न निवडलेल्यांची यादी कोणत्याही जिवंत माणसाच्या बाबतीत कुणाला दिलेली नाही. कॅल्विननंही बजावलं की आपली निवड पाहायची तर ख्रिस्ताच्या आरशात पाहा, देवाच्या गुप्त ठरावात डोकावू नका. डॉर्टच्या कडक ठरावांतसुद्धा म्हटलंय की ज्यांना विश्वासाची खात्री अजून वाटत नाही त्यांनी त्यागाच्या, म्हणजे देवानं न निवडण्याच्या, गोष्टीनं घाबरून जाऊ नये. ज्यांनी ही शिकवण सर्वांत ठासून मांडली त्यांनीच ती एका आईच्या उशाशी आणायला मनाई केली आहे.

आणि आईंना रोमकरांसचा ९वा अध्याय १९व्या वचनापासून नका वाचून दाखवू. पहिल्या वचनापासून वाचा. निवडीवर ज्यानं सर्वांत जास्त लिहिलं तो पौल तिथे सुरुवातच करतो की माझ्या भाऊबंदांसाठी माझ्या अंतःकरणात अखंड वेदना आहेत, त्यांच्यासाठी मी स्वतः शापित व्हावं असंही मला वाटेल. मग कुंभार, माती, फारो, सगळं येतं. ते संपल्यावर दहाव्याचं पहिलं वचन काय आहे? त्यांचं तारण व्हावं ही माझी देवाजवळ विनंती आहे. निवड सांगून झाल्यावर पौलानं प्रार्थना बंद केली नाही. तुमची आई रात्री जे करते तेच तो करत होता. तिला हे कळू द्या.

प्रार्थनेचं तुम्ही स्वतः विचारलंत. मत्तय ६:८मध्ये येशू म्हणतो, तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक आहे. आपण यावरून काढलं असतं की मग मागायचं कशाला. त्यानं पुढच्याच वचनात काढलं, म्हणून अशी प्रार्थना करा, आणि "हे आमच्या पित्या" शिकवली. आणखी एक प्रसंग आहे, १ शमुवेल २३. राजा शौल दावीदाच्या जिवावर उठलाय. दावीद कईला नगरात आहे आणि देवाला विचारतो, शौल इथे येईल का, इथले लोक मला धरून देतील का? देव म्हणतो, येईल, आणि देतील. दावीद माणसं घेऊन निघून जातो. शौल येतच नाही. देवाचं ज्ञान म्हणजे अटळ लेख असता तर दावीदाला तिथेच बसून राहावं लागलं असतं. त्यानं विचारलं, उत्तर मिळालं, आणि तो हलला.

शेवटचं, आणि हे मला सर्वांत तळमळीनं सांगायचंय. प्रेषितांच्या कृत्यांच्या २७व्या अध्यायात पौलाचं गलबत वादळात सापडतं, वर २७६ माणसं. देवदूतानं आधीच सांगितलंय की एकाच्याही जिवाचा नाश होणार नाही. पक्कं वचन. तरी खलाशी नांगर टाकण्याचं निमित्त करून होडी खाली सोडतात आणि पळायला बघतात, तेव्हा हाच पौल शताधिपतीला म्हणतो की हे गलबतात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. देवानं वाचवायचं ठरवलं होतं, आणि वाचवण्याच्या त्याच्या साधनांत खलाशी होते, शिपाई होते, दोर कापणारी तलवार होती.

तुमच्या भावाच्या बाबतीत त्या साधनांत दवाखाना आहे. बरेच दिवस रोज भरपूर पिणाऱ्यानं उपास-प्रार्थना करून एका दिवसात बंद केली, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणं, घाम, झोप न येणं, नसलेलं दिसणं, झटके येणं, असं होऊ शकतं. तो सैतानाचा हल्ला समजून हात ठेवून बसून राहू नका, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांशी बोला, त्यांच्या देखरेखीखाली औषधं देऊन सोडवतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारा, आणि जवळच्या गावात अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा भरते का तेही पाहा.

बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीत असताना, आणि आईला मध्ये न घेता. आधी उत्पत्ती ४२:२१ वाचा. वाद घालू लागला तर घालू नका, "चल, आज दवाखान्यात जाऊ" एवढंच म्हणा. नाही म्हणाला तर चार दिवसांनी पुन्हा म्हणा. मला कळवलंत तर मीही सोबत येईन. तोवर आईंनी प्रार्थना चालू ठेवावी, आणि पेन्शनचे पैसे त्याच्या हाती देणं मात्र आजपासून बंद करावं.